चौथ्या गाण्याचा शेवट

आवाज कितीही बारीक आला तरी बटण दाबायचं. आला की नाही अशी शंका आली तरी दाबायचं.

'उधारीची उदासी.' पाचपैकी दोन तारे.

बॅग तपकिरी होती, पण पट्टा उसवला त्या दिवशी घरात तपकिरी दोरा नव्हता.

आबण आण.

वर्षातून एकदा एक माणूस यायचा आणि मशीन किती खोटं बोलतंय ते सांगून जायचा.

'आत्या, चौथं ऐकलंस का गं? एकदम खरं सांग हं.' पुढे तीन पिवळे हसरे चेहरे.

न्हाणीघरात पाणी पडतंय आणि त्या पाण्यावर आवाज चढवून तिचा नवरा गातोय.

गातोय. गुणगुणत नाहीये. हा फरक दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आला नसता, पण तिचा हात इस्त्रीसकट जागच्या जागी थांबला, आणि सदऱ्याची कॉलर करपल्याचा वास नाकात शिरेपर्यंत थांबलेलाच राहिला. गेली दहा-बारा वर्षं नवऱ्याची गाणी बिनशब्दांची होती. चाल बरोबर, शब्दांच्या जागी नुसतं हं-हं. वर्तमानपत्राच्या छापखान्यात रोटरी मशीनजवळ एकतीस वर्षं रात्रपाळी केलेल्या माणसाचे कान असेच होतात, हे तिने स्वतःच त्याला समजावलं होतं, तक्ता समोर ठेवून, पेन्सिलीने दाखवून. बाकीच्या बायकांना नवऱ्याच्या सदऱ्याचं माप पाठ असतं, तसा तिला त्याच्या कानांचा तक्ता पाठ होता. जाड, खालचे स्वर ठणठणीत; मधले बरे; आणि मग दोन हजारांच्या पुढे रेघ जी घसरायची ती थेट तळाला. स, श, फ, ठ ही सगळी मंडळी त्या तळाशी बुडालेली. "संध्याकाळी साबण आण" असं आपण म्हणावं, तर त्याच्यापर्यंत पोचायचं "अंध्याकाळी आबण आण", आणि उरलेलं तो तिच्या चेहऱ्यावरून, सवयीवरून, संपत आलेल्या वडीवरून भरून काढायचा. कानातलं यंत्र टेबलाच्या खणात पडून होतं. "त्याने तुझं बोलणं नाही वाढत, चमचे वाढतात नुसते," असं त्याचं म्हणणं. तिने फार आग्रह केला नव्हता. नवऱ्याला नेमकं काय ऐकू येतं आणि काय नाही, हे बायकोला डेसिबलमध्ये ठाऊक असणं यात एक सोय असते. ती सोय तिने वापरली होती. पलीकडच्या खोलीत तो पेपर वाचत बसलेला असताना ती फोनवर मोकळेपणी बोलायची, आवाजही खाली न आणता, फक्त जरा वरच्या पट्टीत.

आणि आता पाण्यातून, दारातून, अख्ख्या पॅसेजमधून स्वच्छ शब्द येत होते: 'तपकिरी बॅग मांडीवर, पट्ट्याला पांढरा दोरा.'

ते चौथं गाणं होतं. टिटवीचं. टिटवी म्हणजे तिच्या धाकट्या भावाची मुलगी. जन्मली तेव्हा अशी काही ओरडली की दवाखान्यातल्या दाईनेच ते नाव ठेवलं आणि कागदावरचं नाव शाळेपुरतंच उरलं. या टिटवीने महिन्याभरापूर्वी गाण्यांचा अल्बम काढला होता. शब्द तिचे, चाल तिची, गळा तिचा. नाव 'अर्धी दुपार'. सगळा बाज जुना. मुखपृष्ठावर पिवळट पडलेला फोटो, त्यात टिटवीने आईच्या तरुणपणीचा ठिपक्यांचा झगा घातलेला, केसांना मधोमध भांग. ध्वनिमुद्रण एकाच मायक्रोफोनवर, कुठूनतरी पैदा केलेल्या जुन्या टेपमशीनवर. एक गिटार, एक अकॉर्डियन, ठेक्याला टेबलावर बोटं, आणि सगळ्याखाली खरखर, जशी पूर्वी तबकडीवर सुई टेकली की यायची. लोकांना ती खरखर आवडली, किंवा लोकांनी त्या खरखरीसाठीच तिला झोडपलं. मधलं कुणी भेटलं नाही.

भावाचं मत फोनवर आलं. "ताई, एवढी वर्षं घासून शिकवली पोरीला, आणि तिने रेकॉर्ड काय केली तर खरखर! आपल्या लहानपणी ती रेडिओवर आपोआप यायची की गं." वहिनीने मागून ओरडून सांगितलं, "त्यांचं ऐकू नका, रोज गाडीत लावतात!" वर्तमानपत्रातल्या समीक्षकाने उधारीची उदासी म्हटलं, ज्या काळात ही मुलगी जन्मलीच नव्हती त्या काळाचे उसासे ती भाड्याने आणते आहे, असं काहीसं. दुसऱ्या एकाने लिहिलं की कित्येक वर्षांत इतकं खरं कुणी गायलं नव्हतं. आणि दवाखान्यात तर रोज जुंपायची. ती जिथे नोकरी करत होती तो कानांचा दवाखाना. ती तिथे मशीनवर, म्हणजे लोकांना बंद खोलीत बसवून त्यांना किती ऐकू येतं ते मोजायला. मालक डॉक्टर पस्तिशीचे, कॉलेजात असताना बँडमध्ये होते हे दर आठवड्याला सांगणारे. ते म्हणाले, "नव्याकोऱ्या जीनला गुडघ्यावर ब्लेडने भोक पाडायचं आणि वर दुप्पट किंमत लावायची, त्यातला प्रकार आहे हा." रिसेप्शनवरची मुलगी फाइलींच्या ढिगामागून म्हणाली, "डॉक्टर, तुम्हाला भोकच दिसणार. ऊब नाही कळायची." "ऊब? बिचारी बाई बसस्टँडवर वाट बघतेय, गाड्या येतायत-जातायत, आणि तो मेला येत नाहीये. शंभर वर्षं हीच बाई बसलीये त्या बाकावर. उठवा तिला कुणीतरी!" "मी तर चौथं ऐकून बसमध्ये रडले, कंडक्टरने पाणी दिलं," रिसेप्शनवाली म्हणाली. "मॅडम, तुम्ही सांगा. तुमची भाचीच ना ती?" ती तेव्हा हेडफोनच्या गाद्यांवरून स्पिरिटचा बोळा फिरवत होती. "मला गाण्यातलं कळत नाही," ती म्हणाली, "मला फक्त आवाजातलं कळतं." दोघं हसले. बोळा काळा झाला होता तो तिने टाकला आणि दुसरा घेतला.

तिला आवाजातलं कळत होतं हे मात्र खरं. त्या खरखरीला तिच्या धंद्यात वेगळंच काम होतं. एक कान तपासताना दुसऱ्या कानात खरखर सोडून ठेवायची असते. नाहीतर चांगला कान वाईटाच्या वतीने उत्तर देऊन मोकळा होतो आणि तक्ता चुकतो. त्या कानाला बिचाऱ्याला वाटत राहतं की आपल्याला काहीतरी ऐकवताहेत. अल्बम पहिल्यांदा लावला तेव्हा तिला तेच सुचलं, की ही खरखर कुणालातरी गुंतवून ठेवायला आहे. तीन गाणी ती मजेत ऐकत होती, पोळ्यांची कणीक भिजवता भिजवता. चौथ्यात बॅग आली. मग दोरा आला. मग 'दार नुसते लोटून, कडी न लावता' आलं, आणि परातीतले हात पिठातच राहिले. पायाखालची जमीन वगैरे काही सरकली नाही. उलट जमीन फार घट्ट लागली पायांना, फरशीचा गार चौकोन न् चौकोन. आपलं कपाट कुणीतरी रस्त्यावर उघडून ठेवलंय आणि जाणारेयेणारे त्यातली घडी उलगडून बघतायत, कापड बरं आहे की नाही यावर वाद घालतायत, आणि आपणही त्यांच्यात उभ्या, असं काहीतरी.

सव्वीस वर्षांपूर्वी ती तीस वर्षांची होती, लग्नाला पाच वर्षं झालेली. दवाखाना तेव्हा आताच्या डॉक्टरांच्या वडिलांचा होता आणि मशीनला काटा होता. ते मशीन दरवर्षी तपासून घ्यावं लागे. जो आवाज आपण वीस म्हणून सोडतो तो खरंच वीस आहे की सतरा, हे पाहायला कंपनीचा माणूस येई, पेटी घेऊन. बारीक, उंच, बाह्या कोपरापर्यंत नीट दुमडलेल्या. त्याचं काम चाललेलं असताना त्या आतल्या खोलीत, जाड दोन काचांच्या मागे, कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. कापडाची सळसळसुद्धा त्याच्या काट्याला कळायची. "हं, आता शांत," तो म्हणायचा, आणि ती दोघं कपाटाएवढ्या खोलीत अर्धा अर्धा तास शांत बसायची. बाहेरच्या जगाचा आवाज तिथे नसतो. पाच मिनिटांनी आपलं रक्त ऐकू येतं, दहा मिनिटांनी समोरच्याचा श्वास. "तुमचं मशीन तीन डेसिबलने खोटं बोलतं," पहिल्या वर्षी तो म्हणाला होता. दुसऱ्या वर्षी म्हणाला, "तुम्ही कितीने?" हे एवढंच. याच्यापुढे जे झालं ते सगळं मिळून चार पत्रं आणि एका दुपारी कॅन्टीनमधला चहा. तिसऱ्या वर्षी त्याची बदली झाली, लांब, आणि त्याने विचारलं. तिने हो म्हटलं होतं. म्हणजे नाही म्हटलं नव्हतं. त्या दुपारी तिने अर्धी रजा टाकली, घरी आली, नवरा आतल्या खोलीत रात्रपाळीची झोप काढत होता. मशीनच्या धडधडीतून आलेल्या माणसाची झोप, तिला खात्री होती की छत पडलं तरी मोडायची नाही. तरी तिने कडी लावली नाही, दार नुसतं लोटलं. बसस्थानकावर दुसऱ्या बाकावर बसली. बॅग मांडीवर. बॅग खाली ठेवली असती तर प्रवासाला निघाल्यासारखं झालं असतं, म्हणून मांडीवर.

आणि तो आला. हे टिटवीच्या गाण्यात नाही. तो वेळेवर आला, बसच्या पायरीवर चढला, ती येत नाहीसं बघून उतरला, तिच्यापाशी आला, "चला" म्हणाला. तिने मान हलवली. का, ते तिला तेव्हाही माहीत नव्हतं. नवऱ्याची दया आली नव्हती, लोकांची भीती वाटली नव्हती, त्या माणसावरचं प्रेम कमी पडलं असंही नव्हतं. फक्त एवढं कळत होतं की उठायचं की नाही हे या घडीला माझ्या दोन गुडघ्यांच्या हातात आहे. आई नाही, बाप नाही, नवरा नाही, हा नाही, कुणीही सांगणारं नाही. आणि गुडघे उठले नाहीत. बस गेली. ती बसून राहिली, अंगात अशी काही ताकद भरून आली होती की उभं राहायची गरजच वाटेना. मग चालत घरी आली. नवरा भिंतीकडे तोंड करून झोपलेला होता. तिने बॅगेतले कपडे जागच्या जागी लावले आणि चहा टाकला. पुढच्या वर्षी मशीन तपासायला दुसराच माणूस आला, जाड, पान खाल्ल्यासारखे लाल ओठ असलेला, सारखा बोलणारा.

आयुष्यात माणूस किती गोष्टी स्वतः ठरवतो? शाळा वडिलांनी ठरवली, नवरा मावशीने, नोकरी जाहिरातीने. मूल झालं नाही ते कुणीच ठरवलं नव्हतं. ही एक दुपार तेवढी तिची होती, कुणी न पाहिलेली, म्हणून निखळ. चिडचिड झाली, सासू टाकून बोलली, नवऱ्याने पेपरातून मान वर केली नाही, की ती मनातल्या मनात जाऊन त्या बाकावर बसायची. मी इथे आहे कारण मी उठले नाही. कुणी मला ठेवलेलं नाही, मी राहिलेय. एवढं म्हटलं की भांडी घासणंही हलकं व्हायचं. पंचवीस वर्षं हे तिने कुणाला सांगितलं नाही, आणि सांगितलं ते टिटवीला, गेल्या वर्षी, जेव्हा एका मुलाने टाकलं म्हणून टिटवी येऊन त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर आठवडाभर आडवी पडली होती. जेवेना, उठेना, 'मी त्याच्याशिवाय काहीच नाही' एवढंच. तिच्या उशाशी बसून, केस विंचरत, तिने सांगितलं. ऊठ म्हणून नव्हे, बसून राहण्यातही जोर असतो हे कळावं म्हणून. नवरा तेव्हा पलीकडेच होता, कोडं सोडवत. सहा हात अंतर, मधे पडदा, वर पंखा. तिने मनातल्या मनात तक्ता काढून पाहिला आणि बिनधास्त बोलली. "हे फक्त तुला," ती शेवटी म्हणाली. टिटवी उठून बसली होती. डोळे लख्ख. तेव्हा वाटलं पोरीला धीर आला. आता वाटतं, पोरीला गाणं आलं होतं.

टिटवीला फोन तिने अल्बम ऐकल्यावर आठवड्याने केला. रागाची उजळणी करून केला, पण टिटवीने "बोल आत्या!" म्हणताच अर्धी उजळणी गळाली.

"चौथं ऐकलं," ती म्हणाली.

"आणि?"

"दोरा पांढराच ठेवलास."

"आत्या, ती तू नाहीस गं. ते एक पात्र आहे."

"बॅग पात्राची का? दार पात्राचं?"

"तुझं नाव कुठे आहे त्यात? कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं की."

"मी घाबरले होते तू चिडशील म्हणून. पण सगळ्यांना तेच आवडतंय. काकांनापण. त्यांनी फोन केला होता मला, 'शब्द कळले गं पोरी, एकूण एक' म्हणाले. किती भारी वाटलं मला!"

ती पलंगाच्या कडेवर बसली. "कधी केला फोन?"

"झाले की पंधरा-वीस दिवस. का?"

का, याचं उत्तर द्यायच्या ऐवजी तिने जे विचारलं ते आधी ठरवलेलं नव्हतं. "तो येतो, टिटवे. तो आला होता. तू त्याला का नाही आणलास?"

"अगं, नाही बसत ते!" टिटवी एकदम उत्साहाने, कारागिराने कारागिराशी बोलावं तशी बोलायला लागली. "मी तीन वेळा लिहिलं तसं. तो येतो, ती उठत नाही. पण का उठत नाही, ते तूही सांगितलं नाहीस. ऐकणाऱ्याला काय द्यायचं मग? आणि हा बाज जुना आहे ना, आत्या. जुन्या गाण्यात बाई थांबते आणि तो येत नाही. तिने थांबायचंच असतं. तुझा शेवट घातला की सगळी खरखर खोटी वाटायला लागते."

म्हणजे खरखर खरी वाटावी म्हणून. म्हणजे डॉक्टर ज्या बाईला "उठवा कुणीतरी" म्हणाले, आणि रिसेप्शनवाली जिच्यासाठी बसमध्ये रडली, ती बिचारी. जगाला सांगितलं हे एक वेळ पचलं असतं. पण बाकावर बसवून तिच्याकडून न उठण्याचं ते एकच काम काढून घेतलं, आणि जगाने आता तिची कीव करावी की कंटाळा करावा यावर मतं द्यायची. दुरुस्ती तरी कुठल्या तोंडाने करणार? 'ती बिचारी नाही' म्हणायचं तर आधी 'ती मी' म्हणावं लागतं. "ठेवते," ती म्हणाली. "आत्या, चिडलीस?" "कणीक भिजवायचीय," ती म्हणाली, आणि कणीक भिजवलेली होती.

काकांना शब्द कळले. एकूण एक. हे तक्त्यात बसत नव्हतं. मग रात्रंदिवस ते बसवण्याचा नाद लागल्यासारखं झालं. हल्लीची गाणी त्याला कळत नाहीत, कारण त्यांत बारा वाद्यं आणि तेराव्या जागी माणूस. इथे माणूस पुढे, वाद्यं मागे. मायक्रोफोनला ओठ टेकवून, सावकाश, स्वर ओढून. वरचे धारदार आवाज त्या जुन्या मशीनने आपणच खाऊन टाकलेले, सगळा ऐवज मधल्या पट्टीत, म्हणजे नवऱ्याचे कान जिथे अजून शाबूत आहेत नेमके तिथे. जगात कुणीतरी मुद्दाम या माणसासाठी अल्बम काढला असता तर असाच काढला असता. एवढं साधं गणित तिला, एकोणतीस वर्षं मशीनवर काढलेल्या बाईला, सुचू नये! पण गाणं कळलं म्हणजे गोष्ट कळली असं नाही. तपकिरी बॅगा जगात खूप असतात.

नवऱ्याची वर्षाची तपासणी गुरुवारी सकाळी अकराला असते. कर्मचाऱ्याच्या घरच्यांना फुकट. तो इस्त्रीचा सदरा घालून आला, कॉलर करपलेला नव्हे, दुसरा. रिसेप्शनवालीशी त्याने नेहमीचा विनोद केला, "बायकोसमोर बहिऱ्याची परीक्षा द्यायची म्हणजे नापास होण्यातच शहाणपण." तिने त्याला आत बसवलं, उजव्या कानाला लाल, डाव्याला निळा, बटण हातात. दार ओढलं की ते शोषल्यासारखा आवाज करत बंद होतं, आणि मग काचेपलीकडचा माणूस मत्स्यालयातल्यासारखा होतो. सूर झाले. तक्ता गेल्या वर्षीपेक्षा रेघभर खाली, बाकी तोच. मग शब्दांची पाळी. यात पंचवीस शब्द म्हणायचे, पेशंटने ऐकू आले तसे परत म्हणायचे, आणि कागदावरच्या पंचवीस चौकोनांत बरोबर-चूक खुणा करायच्या. पेशंटने ओठ वाचू नयेत म्हणून तोंडासमोर पुठ्ठा धरायचा. तिने पुठ्ठा धरला. मग शब्दांची यादी बाजूला सारून, मशीनच्या मागच्या भोकात तिने आपल्या फोनची वायर खुपसली. आपण काय करतोय हे तिला नीट कळत होतं. किती कळलंय ते मोजायचं, बस. मोजलं की भीतीचा आकडा होतो आणि आकड्याशी तिचं जमायचं.

एक ओळ लावायची, थांबवायची.

"तपकिरी बॅग मांडीवर, पट्ट्याला पांढरा दोरा," नवरा म्हणाला. कानांवर हेडफोन असला की माणसं ओरडून बोलतात, तसा. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तिने खूण केली.

"घड्याळात वाजले तीन, नि फलाट अजून कोरा."

खूण.

"निघाले मी दार नुसते लोटून, कडी न लावता." स सोडून सगळं. नाही, ‘स’सुद्धा. खूण. पुठ्ठा धरायची आता काही गरज नव्हती, गाणारी टिटवी होती. तरी तो तिने खाली घेतला नाही. ओळीमागून ओळ तो शाळकरी मुलासारखा परत करत होता, सरळ बसून, मधूनच मान डोलावत. चौकोन भरत आले. शेवटची ओळ तिने लावली.

"गाड्या आल्या, गाड्या गेल्या, तो आलाच नाही," नवरा म्हणाला. ओळ अचूक होती. तिने खूण केली. मग त्याच सुरात, तेवढ्याच मोठ्याने, तो म्हणाला, "पण तो आला होता."

तिचा अंगठा सवयीने बोलायच्या बटणावर गेला आणि तोंडातून जे निघालं ते गेली एकोणतीस वर्षं ती दिवसातून दहादा म्हणत होती. "फक्त ऐकलेलं म्हणायचं."

"ऐकलं ते म्हटलं की," नवरा म्हणाला. "आता रस्त्यापलीकडून बघितलं ते सांगतोय. चौकड्यांचा शर्ट होता त्याला. बसवर चढला, परत उतरला, तुझ्याशी काहीतरी बोलला. तू मान हलवलीस. तू उठलीच नाहीस. बस गेली तरी अर्धा तास तशीच. केवढी मोठी गोष्ट, आणि पोरीने काय करून ठेवलं, तो आलाच नाही म्हणे! बाकी अल्बम झकास आहे. शेवट पाडला तिने. मी फोनवर बोलणार होतो, मग म्हटलं तू काय सांगितलंयस कुणास ठाऊक."

"तुम्ही झोपला होतात," ती म्हणाली.

"दार लोटल्याचा आवाज आला. तेव्हा कान चांगले होते माझे."

"मी आले तेव्हा भिंतीकडे तोंड करून…"

"तू चालत आलीस. मी रिक्षाने." हे सांगताना तो थोडा हसलासुद्धा, डाव जिंकलेला माणूस जुनी खेळी सांगताना हसतो तसा.

"मग रस्ता ओलांडून आला का नाहीत?"

"कसा येणार? घरातल्या लेंग्यावर होतो." मग त्याने हातातलं बटण दुसऱ्या हातात घेतलं. "आणि बघायचं होतं मला."

"काय बघायचं होतं?"

"काय करतेस ते."

ती त्याच्याकडे काचेतून बघत राहिली. काचेच्या या बाजूला बसणाऱ्याने काय करायचं असतं ते तिला कुणी शिकवायला नको होतं. हालचाल करायची नाही. इशारा द्यायचा नाही. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. आतल्याने दाबलं की नाही दाबलं तेवढं टिपून घ्यायचं आणि कागद जपून ठेवायचा. म्हणजे ती आत होती. सगळं शांत झालंय, कुणी नाही, फक्त आपलं रक्त वाजतंय असं जे तिला त्या बाकावर वाटलं होतं, ते बाहेर कुणीतरी श्वास रोखून बसलं असताना वाटलं होतं. आणि त्यानंतरचं सगळं? सासू बोलली तेव्हा एकदा तो आईवर उखडला होता. तिच्या आजारपणात महिनाभर पाळी बदलून घेतली होती. वाढदिवसाला कधी काही विसरला नव्हता. हे सगळं तिला आवडत आलं होतं. आता त्या प्रत्येक गोष्टीखाली खूण दिसायला लागली, पास, पास, पास. ती राहिली म्हणून तिने स्वतःला सव्वीस वर्षं जे श्रेय मनातल्या मनात दिलं होतं, ते त्याने कधीच परस्पर उचललं होतं. टिटवीने निदान गाणं तरी केलं. निदान तोंडावर विचारलं, ऐकलंस का. याने गप्प राहून ऐकलं आणि गप्प राहून ठेवलं, आणि आता सांगतोय तेही कशाला, तर अल्बमवरचं मत म्हणून.

"का नाही बोललात इतकी वर्षं?" हे तिने विचारलं खरं, पण अंगठा बटणावरून केव्हाच निघाला होता, त्यामुळे आत काही गेलं नाही.

दारावर टकटक झाली. रिसेप्शनवालीने डोकं आत घातलं. "मॅडम, पुढचा पेशंट सोडू? काकांचं झालं का?"

"थांब."

"किती टक्के आले?"

तिने कागदाकडे पाहिलं. "सगळे," ती म्हणाली.

"अय्या, मस्तच की!" डोकं गेलं. तिने आपल्या कानांवरचा हेडफोन काढला आणि टेबलावर ठेवला. काचेपलीकडे नवरा अजून बोलत होता. मान हलवून, बटणाच्या हाताने हवेत काहीतरी दाखवून, मधेच थांबून, पुन्हा. ओठ वाचायला तिला छान यायचं. तिने पुठ्ठा उचलला आणि काचेवर, बरोबर त्याच्या तोंडासमोर, टेकवून धरला.

सव्वीस वर्षांपूर्वी त्या दुपारी, बसस्थानकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात, तिथे उभं राहायला काहीतरी कारण हवं म्हणून तिच्या नवऱ्याने खिशातल्या वीजबिलाच्या, एकेक करून, एकवीस प्रती काढून घेतल्या.